सर्व्हिसिंगनंतर नाचणारं आयडल : कोल्हापुरातल्या एका पेट्रोल हॅचबॅकचं प्रकरण

गाडी चार सिलिंडरची, १.२ लिटर पेट्रोल, बीएस-४ काळातली हॅचबॅक. थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणारी हवा आवरणारी झडप, इलेक्ट्रॉनिक. पेडलपासून इंजिनापर्यंत केबल नाही आणि आयडलसाठी, म्हणजे गाडी उभी आणि पेडल सोडलेलं असताना इंजिन ज्या वेगाने फिरतं त्यासाठी, वेगळा व्हॉल्व्हही नाही. ईसीयूच्या (इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या) हुकमाने थ्रॉटलचा फ्लॅपच कमी-जास्त उघडतो. हवेचा हिशेब मॅप सेन्सरवर, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमधल्या दाबावरून. एअर फिल्टरनंतर बसून हवेचा प्रवाह मोजणारा मॅफ सेन्सर या गाडीत नाही. हे शेवटचं वाक्य आधीच लक्षात ठेवा, कारण पुढचा निम्मा गोंधळ ते विसरल्यामुळे झाला.

मालक राजारामपुरीतला, नोकरी शिरोली एमआयडीसीत. हाताला कामाची सवय असलेला माणूस. एका रविवारी त्याने घराच्या दारातच सगळं उरकलं : इंजिन ऑईल आणि ऑईल फिल्टर, एअर फिल्टर, चारही प्लग, पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधली वाफ इनटेक मॅनिफोल्डमध्ये परत सोडणारा) काढून साफ, थ्रॉटल बॉडी काढून साफ, आणि शेवटी बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुऊन ग्रीस. कामाआधी गाडीची काहीच तक्रार नव्हती. हे महत्त्वाचं आहे.

दुसऱ्या दिवसापासूनची तक्रार त्याच्याच शब्दांत : "घरातनं निघाली की बरी असतीया. तावडे हॉटेलच्या चौकात थांबली की नुसती वरखाली कराय लागतीया, एसी लावला की बंदच पडतीया."

मोजून पाहिलं तेव्हा गरम इंजिनावर आरपीएम ६५० ते १३५० मध्ये झुलत होते, एका फेरीला अंदाजे तीन सेकंद. मधूनच ते बाराशेवर टिकून राहायचे, मग पुन्हा झोका सुरू. मॅन्युअलप्रमाणे गरम आयडल ७०० च्या आसपास हवं, पन्नास इकडे-तिकडे. चालत्या गाडीत पिकअपला खोट नव्हती, मिसिंग नव्हतं, ॲव्हरेजबद्दल बोलण्याइतके किलोमीटरच झाले नव्हते. चेक इंजिनचा दिवा लागलेला, पण लुकलुकत नव्हता.

आमच्याकडे येईपर्यंत गाडीवर झालेले उपाय असे. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून रीसेट, एकदा नव्हे, बऱ्याचदा; दरवेळी दिवा विझायचा आणि एक-दोन फेऱ्यांत परत यायचा. नवे प्लग काढून जुने घातले, फरक शून्य. एकाने इंजेक्टर साफ करायला सांगितलं. एकाने पेट्रोलमधल्या इथेनॉलवर खापर फोडलं. एकाने स्कॅनर लावला, फ्युएल ट्रिम (ऑक्सिजन सेन्सर पाहून ईसीयू पेट्रोलमध्ये टक्क्यांनी करतो ती कमी-जास्त) पाहिले आणि "हवा कुठनंच खेचत नाही, थ्रॉटल बॉडी गेली" असा निकाल दिला. नव्या थ्रॉटल बॉडीचा भाव दहा हजारांच्या वर निघाला, तेव्हा मालक थांबला. बरं झालं थांबला.

पुरावा आधी, रीसेट नंतर

बॅटरी काढून रीसेट करणं हा या सगळ्यातला सर्वांत महागडा फुकट उपाय. वायर काढली की ईसीयूने नोंदवलेला बिघाडाचा कोड जातो. त्याबरोबर कोड पडला त्या क्षणाचं टिपण जातं : तेव्हा इंजिन किती गरम होतं, आरपीएम किती, लोड किती. ईसीयूने शिकलेले फ्युएल ट्रिम जातात. बऱ्याच गाड्यांत आयडलसाठी फ्लॅप किती उघडायचा हे शिकलेलं मापही जातं. बिघाड तसाच राहतो, फक्त त्याची साक्ष पुसली जाते. म्हणून गाडी हातात आली की पहिलं काम कोड आणि टिपण वाचून वहीत लिहिणं. गाडीच्या ओबीडी (ईसीयूशी बोलायच्या) सॉकेटात लागणारा ब्लूटूथचा साधा ॲडॉप्टर आणि मोबाईलवरचं ॲप त्याला पुरतं.

या गाडीत एकच कोड होता : पी०५०७, आयडल अपेक्षेपेक्षा जास्त. मिसफायरचे पी०३०० ते पी०३०४ नाहीत, मिश्रण पातळ असल्याचा पी०१७१ नाही, थ्रॉटलचा फ्लॅप अडकल्याचे पी२१११ किंवा पी२११२ नाहीत. टिपणात कूलंट ८८ अंश, वेग शून्य, पेडल सोडलेलं. म्हणजे इंजिनाला मागितल्यापेक्षा जास्त हवा मिळते आहे आणि ईसीयूला ती आवरत नाही, एवढं एका कोडवरून कळलं. इंजेक्टर आणि प्लग इथेच यादीच्या तळाला गेले. तुंबलेल्या इंजेक्टरने किंवा खराब प्लगने इंजिन थरथरेल, आरपीएम खाली येतील. ते साडेतेराशेवर चढणार नाहीत.

मग इंजिन बंद, चावी ऑन, मॅप सेन्सरचं वाचन. इंजिन बंद असताना मॅनिफोल्डमध्ये बाहेरच्या हवेचाच दाब असतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून ५६९ मीटरवर, त्यामुळे इथे ९४ ते ९५ किलोपास्कल दिसायला हवेत. पुस्तकांतला १०१ हा आकडा रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचा. इथे चावी ऑन करून कुणाला १०१ दिसले, तर सेन्सर, त्याची वायरिंग किंवा स्कॅनर यांपैकी कुणीतरी थापा मारतंय असं समजावं. या गाडीत ९४ दिसले. सेन्सर संशयातून सुटला.

ट्रिमने दिशाभूल कशी केली

स्कॅनरवाल्याने पाहिलेले ट्रिम आम्हालाही तसेच दिसले : आयडलला शॉर्ट (त्या क्षणाचा) आणि लाँग (शिकलेला) मिळून अधिक ४ ते ५ टक्के, २५०० आरपीएमला धरलं तरी अधिक ४. त्याचा तर्क असा : कुठे हवा खेचत असती तर आयडलला ट्रिम पंधरा-वीस टक्के चढला असता आणि रेस केल्यावर उतरला असता, तसं नाही, म्हणून गळती नाही. हा नियम खरा आहे, पण मॅफ सेन्सरच्या गाडीसाठी. तिथे फट थ्रॉटलनंतर असली की आत शिरणारी हवा मोजलीच जात नाही, पेट्रोल कमी पडतं, मिश्रण पातळ होतं आणि ऑक्सिजन सेन्सर ते पकडतो.

मॅपच्या गाडीत ईसीयू हवा कुठून आली हे पाहत नाही. मॅनिफोल्डमध्ये दाब किती, हवेचं तापमान किती, आरपीएम किती, एवढ्यावरून सिलिंडरमध्ये किती हवा गेली असेल याचा हिशेब मांडतो. फटीतून शिरलेल्या हवेने दाब वाढतो, ईसीयू तेवढं पेट्रोल वाढवतो, आणि मिश्रण जागेवर राहतं. ट्रिमला काही कळत नाही. जास्त हवा अधिक तिच्या मापाचं पेट्रोल म्हणजे जास्त ताकद, म्हणून आरपीएम चढतात. मॅपच्या गाडीत गळतीचं पहिलं लक्षण चढलेलं आयडल. पातळ मिश्रण दिसलं तर फट बहुधा एखाद्याच सिलिंडरच्या नळीजवळ असते.

राहिले ते सगळीकडे सारखे चार-पाच टक्के. त्याचा जाब इथेनॉलने द्यावा. शुद्ध पेट्रोलला एका भागामागे १४.७ भाग हवा लागते, ई-१० ला (दहा टक्के इथेनॉल) सुमारे १४.१, ई-२० ला (वीस टक्के) सुमारे १३.५. ई-१० च्या हिशेबाने बेतलेल्या ईसीयूला ई-२० वर सुमारे साडेचार टक्के पेट्रोल जास्त सोडावं लागतं, आणि ते आयडलला, हायवेला, घाटात सगळीकडे सारखंच. तेव्हा इथेनॉलचा परिणाम गाडीत दिसत होता हे खरं, पण आयडल नाचवणं त्याच्या हातात नाही. आदल्या शनिवारी गाडी त्याच पेट्रोलवर शांत उभी राहत होती.

मग पाहायचं काय? तीन ओळी : थ्रॉटलचं उघडणं, इग्निशन टायमिंग, इंजेक्टरचा पल्स (तो किती वेळ पेट्रोल सोडतो). फ्लॅप पूर्ण बंद असताना या गाडीत वाचन ९ टक्के येतं आणि निरोगी गरम आयडलला ते बारा-तेरा असतं. इथे ते ९.५ च्या वर येतच नव्हतं. ईसीयूने फ्लॅप जवळजवळ मिटून घेतला होता, तरी आरपीएम बाराशे. टायमिंग आठ-दहा अंशांवर स्थिर राहायच्या ऐवजी उणे पाचपर्यंत मागे जात होतं. हवा आवरेना म्हणून ईसीयू ठिणगी उशिरा टाकून ताकद मारू पाहत होता. आणि आरपीएम साडेतेराशेला टेकले की इंजेक्टरचा पल्स एकदम शून्य.

नाच इथे होता. पेडल सोडलेलं आणि आरपीएम ठरावीक मर्यादेच्या वर, असं दिसलं की ईसीयू समजतो की गाडी उतारावर गिअरमध्ये आहे, आणि पेट्रोल तोडतो. पेट्रोल तुटलं की आरपीएम कोसळतात. साडेसहाशेच्या आसपास इंजिन बंद पडू नये म्हणून पेट्रोल परत सुरू होतं, फटीतली हवा तयारच असते, आरपीएम पुन्हा चढतात. आरपीएम तळाला असण्याच्या क्षणी एसीचा कॉम्प्रेसर धरला की तेवढा भार पेलत नाही आणि इंजिन बसतं. रोज नेमकं बंद पडत नव्हतं ते यामुळे : वेळ जुळली तरच.

थंड असताना गाडी बरी का, याचंही उत्तर यातच आहे. थंड इंजिनाला ईसीयूच तेराशे-चौदाशे आरपीएम देतो, त्याला हवा जास्त लागते, फटीतली हवा त्यात खपून जाते. इंजिन गरम होऊन मागणी सातशेवर आली की ती हवा डोईजड होते. राजारामपुरी ते तावडे हॉटेल हे अंतर इंजिन गरम व्हायला बरोबर पुरतं. "गरम झाल्यावर सेन्सर मार खातोय" हे निदान गॅरेजांत फार लवकर होतं, आणि त्यापायी चांगले सेन्सर बदलले जातात.

फट शोधताना

सर्व्हिसिंगनंतर लगेच सुरू झालेला बिघाड आधी तिथे शोधावा जिथे पाना लागला होता, आणि शेवटच्या कामापासून मागे यावं. बॅटरी, थ्रॉटल बॉडी, पीसीव्ही, प्लग, एअर फिल्टर, ऑईल. थ्रॉटलनंतर मॅनिफोल्डला जोडलेल्या वाटा मोजक्याच असतात : थ्रॉटल बॉडीचा जोड, पीसीव्हीचा होज, ब्रेक बूस्टरचा होज, कॅनिस्टर पर्जचा (टाकीतली पेट्रोलची वाफ आणणारा) होज, मॅप सेन्सरची ओ-रिंग, आणि मॅनिफोल्ड ते हेड गॅसकेट. मालकाचा हात यांपैकी पहिल्या दोनांना लागलेला.

होजची परीक्षा चिमटीने करावी. इंजिन गरम, न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, बाही आणि बोटं फॅनपासून लांब. नोज प्लायरच्या जबड्यांना कापड गुंडाळून एकेक होज मॅनिफोल्डच्या टोकाजवळ तीन-चार सेकंद दाबायचा आणि आरपीएम पाहायचे. ब्रेक बूस्टरचा दाबला : फरक नाही. पर्जचा दाबला : फरक नाही. पीसीव्हीचा दाबला : झोका थांबला, आरपीएम ९५० वर स्थिर.

आता निरोगी गाडीतही पीसीव्हीचा होज दाबल्यावर आरपीएम थोडे उतरतात, कारण त्या वाटेने थोडी हवा नेहमीच येते. पण ती तीस-पन्नासची गोष्ट. इथे चारशेची पडझड झाली. होज काढून पाहिला तर मॅनिफोल्डकडच्या टोकाला, स्प्रिंग क्लिपच्या खालीच, दीड सेंटिमीटरची उभी चीर. वरून दिसणारी बाजू निर्दोष, चीर तळाला. रबर इतकं टणक झालेलं की नख रुतत नव्हतं. असा होज सरळ ओढला की टोकाला फाटतो. तो काढताना इंजिन कोमट असावं, आणि आधी होज जागच्या जागी थोडा पिळून चिकटलेपण सोडवावं. तरीही येत नसेल तर होज गेलाच असं धरून ब्लेडने उभा कापावा. प्लास्टिकच्या मॅनिफोल्डचा निपल मोडण्यापेक्षा ते स्वस्त.

घाईत असलेला माणूस इथेच थांबला असता. होज बदलला असता, आणि ९५० चं आयडल घेऊन घरी गेला असता. सातशे आणि साडेनऊशेच्या मधली अडीचशे अजून कुठून तरी येत होती.

थ्रॉटल बॉडी आणि मॅनिफोल्डच्या जोडावर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारला. खालच्या डाव्या कोपऱ्यात पाणी पोहोचताच फुर्रकन ओढल्याचा आवाज आला आणि आरपीएम क्षणभर शंभराने उतरले. पाणी फट तात्पुरती बुजवतं, म्हणून आरपीएम खाली येतात. याच कामासाठी कार्ब क्लीनरचा स्प्रे सर्रास वापरतात. तो पेटतो, आणि खाली एक्झॉस्ट तापलेला असतो. पाण्याने काम होत असताना ती जोखीम कशाला? फक्त कॉइल आणि कनेक्टरवर पाणी जाऊ देऊ नये.

खात्रीसाठी उद्यमनगरातल्या एका गॅरेजात स्मोक टेस्ट केली. इंजिन बंद, एअर फिल्टरकडची नळी रबरी हातमोज्याने बंद, आणि ब्रेक बूस्टरच्या वाटेने अर्धा पीएसआयच्या आतबाहेर दाबाने धूर. जास्त दाब दिला तर चांगले सीलही उठतात आणि नसलेली गळती दिसते. धूर दोनच ठिकाणी निघाला : तात्पुरत्या लावलेल्या जुन्या होजच्या चिरेतून, आणि थ्रॉटलच्या त्याच कोपऱ्यातून.

थ्रॉटल बॉडी सोडवल्यावर कारण समोर आलं. तिथलं सील मॅनिफोल्डच्या खाचेत बसणारं, आकाराचं रबर. मालकाने सील खाचेत ठेवूनच वरून कार्ब क्लीनर मारला होता. त्यातल्या सॉल्व्हंटने रबर फुगतं. फुगलेलं सील खाचेपेक्षा लांब झालं, एका कोपऱ्यात बाहेर आलं, आणि बोल्ट आवळताना चेमटलं. वरून चारही बोल्ट नीट आवळलेले, म्हणून संशयाला जागाच नव्हती.

ऑईलचं झाकण उघडून इंजिन अडखळतं का पाहण्याची लोकप्रिय चाचणी स्कॅनरवाल्याच्याही आधी मालकाने केली होती. इंजिन अडखळलं नाही, म्हणून त्याने पीसीव्हीत बिघाड आहे असं मानलं आणि व्हॉल्व्ह परत धुतला. ही चाचणीही मॅफच्या गाडीतली. मॅपच्या गाडीत झाकण उघडल्यावर फारसा फरक पडत नाही, कारण क्रँककेसमधून येणारी हवा मुळातच मोजलेली नसते आणि तिचा प्रवाह पीसीव्ही व्हॉल्व्हच्या भोकाने बांधलेला असतो. त्याचा निष्कर्ष जवळपास बरोबर आला, पण चुकीच्या वाटेने; व्हॉल्व्ह चांगला होता, हलवला की खुळखुळत होता, आणि त्याच्या पलीकडचा होज फाटका होता.

दुरुस्ती

होज आकार दिलेला, दोन वळणांचा. चॅसी नंबर देऊन मूळ पार्ट मागवावा. दुकानात मीटरवर मिळणारी सरळ नळी वळणावर दुमडते, आणि साधं रबर ऑईलच्या वाफेने मऊ पडून आतल्या ओढीने चपटं होतं. फाटलेलं टोक कापून होज परत बसवता येतो, पण त्यासाठी लांबीत ढील लागते. या होजला ती नव्हती. सिलिकॉन सीलंटचा थर देऊ नये. तो वाळून तुटला की तुकडा सरळ व्हॉल्व्हकडे जातो. नव्या होजच्या टोकावर बसवताना ऑईलचं बोट फिरवावं, क्लिप निपलच्या उंचवट्याच्या आत यायला हवी, टोकावर नाही.

थ्रॉटलचं सील नवं. मॅनिफोल्डची खाच कोरड्या कापडाने पुसली, सील कोरडंच बसवलं. दहाच्या गोटी पान्याने चारही बोल्ट आधी हाताने टेकवून मग समोरासमोरचे, दोन टप्प्यांत, सुमारे १० न्यूटन-मीटर. मॅनिफोल्ड प्लास्टिकचं, आत पितळी बुश; जोर लावला तर बुश फिरतं आणि मग पूर्ण मॅनिफोल्डच बदलावं लागतं. होज आणि सील मिळून पाचशे रुपयांच्या आत भागलं.

थ्रॉटल साफ करायला कुणी बसणार असेल तर त्याच्यासाठी : चावी ऑफ करून, थोडा वेळ थांबून मगच कनेक्टर काढावा. स्प्रे थ्रॉटल बॉडीसाठीचा घ्यावा आणि तो कापडावर मारावा, बॉडीवर नाही. शाफ्टच्या टोकांतून सॉल्व्हंट मोटर आणि सेन्सरकडे उतरतो. चावी ऑन असताना फ्लॅप बोटाने ढकलू नये, आतले गिअर प्लास्टिकचे असतात. भिंतीला कंपनीने लेप दिलेला असतो तिथे तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर लावला की फ्लॅपच्या कडेने कायमची फट पडते, आणि मग ती बॉडी खरोखरच जाते.

पहिल्या स्टार्टला गाडी बंद पडली

दोन्ही फटी बुजवल्यावर सेल्फ मारला. इंजिन लागलं, साडेचारशेवर आलं आणि बसलं. पुन्हा तेच. पाहणाऱ्याला वाटावं की दुरुस्तीने गाडी बिघडली. खरं तर हे फट बुजल्याचंच लक्षण होतं. इतके दिवस ईसीयूने फ्लॅप जवळजवळ मिटून ठेवायला शिकून घेतलं होतं, कारण हवा मागच्या दाराने येत होती. ते दार बंद झालं आणि शिकलेलं माप तसंच राहिलं.

म्हणून क्रम महत्त्वाचा : आधी गळती, मग शिकवणी. कार्बन साफ केल्यावरही हेच लागू. फ्लॅपच्या कडेला काजळी जमत जाते तसा ईसीयू फ्लॅप थोडा-थोडा जास्त उघडत नेतो. काजळी एका दिवशी निघाली की तेवढंच उघडणं जास्त हवा देतं आणि आयडल काही काळ चढं राहतं. ते शिकवणीने बसतं. गळती असताना मात्र कितीही शिकवणी करा, ईसीयू चुकीचंच शिकणार. मालकाच्या त्या सगळ्या रीसेटचं नेमकं हेच झालं.

स्कॅनरमध्ये थ्रॉटल लर्निंग रीसेटचा पर्याय असेल तर तोच वापरावा. नसेल तर हाताने करायची सर्वसाधारण रीत अशी. कंपनीगणिक तपशील बदलतो, मॅन्युअल सांगेल ते अंतिम. कोड वाचून झालेले आणि दुरुस्ती झालेली असल्यामुळे या टप्प्यावर बॅटरीची वायर काढायला हरकत नाही. वायर लावल्यावर एसी, ब्लोअर, दिवे, मागच्या काचेचा हीटर सगळं बंद, स्टिअरिंग सरळ. पेडलला पाय न लावता चावी ऑन, तीस सेकंद. ऑफ, पंधरा-वीस सेकंद. या वेळात फ्लॅपची मोटर स्वतःची बंद स्थिती तपासते, कान दिला तर बारीक आवाज येतो. मग पेडल न दाबता स्टार्ट. इंजिन ८० अंशांच्या वर जाऊन फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत तसंच चालू ठेवायचं. फॅन चालू असताना काही ईसीयू शिकणं थांबवतात, म्हणून फॅन थांबल्यानंतरची मिनिटं मोजायची. त्यानंतर एसी लावून चार-पाच मिनिटं, मग दिवे लावून थोडी.

पहिली मिनिटभर आयडल हजार-अकराशेवर होतं, मग पायरीपायरीने उतरलं. शेवटी : ७००, वीसच्या आत हलणारं, मॅनिफोल्डचा दाब ३२ किलोपास्कल, थ्रॉटल १२ टक्के, टायमिंग आठ-नऊ अंश, एसी लावल्यावर ८५०, मधे बुडी नाही. ट्रिम होते तिथेच, अधिक ४.

रस्त्यावरची तपासणी

आयडल गॅरेजात बसलं म्हणजे काम झालं असं नसतं. पेडल सोडून गाडी थांबवण्याच्या क्षणी आयडल कसं बसतं, हे चढ-उतारावरच कळतं. त्यासाठी जोतिबाचा डोंगर सोयीचा. वर जाऊन चावी ऑन करून पाहिलं तर मॅपचं वाचन ९० ते ९१ यायला हवं, शहरापेक्षा चारेक किलोपास्कल कमी. ते ९० आलं. उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये पेडल सोडलं की इंजेक्टरचा पल्स शून्य, म्हणजे पेट्रोल तुटणं त्याच्या योग्य जागी. पायथ्याला क्लच दाबून थांबताना आरपीएम एकदाच सातशेला येऊन टेकले, वर उसळले नाहीत. मग शहरातून कावळा नाका, तावडे हॉटेल, शिरोली. एसी चालू, प्रत्येक सिग्नलला थांबून. कोड लगेच पडत नाही, बहुतेक गाड्यांत लागोपाठ दोन फेऱ्यांत बिघाड दिसला तरच दिवा लागतो, म्हणून निकाल दुसऱ्या दिवशीच्या फेरीनंतर वाचला. पी०५०७ नव्हता, प्रलंबित कोडांतही नाही.

मॅफची गाडी असती तर शोध वेगळा झाला असता : ट्रिम बोलला असता, पी०१७१ आला असता, ऑईलचं झाकण आणि डिपस्टिकची सैल ओ-रिंगही संशयित ठरली असती, आणि एअर फिल्टरनंतरच्या नळीतली फटसुद्धा. केबल थ्रॉटल आणि वेगळा आयडल व्हॉल्व्ह असलेल्या जुन्या गाडीत त्या व्हॉल्व्हच्या टोकावरची काजळी आणि केबलचा ताण आधी पाहावा. एअर बॉक्स परत बसवताना केबल ओढली गेली की आयडल चढंच राहतं, आणि ते नाचत नाही, एकाच आकड्यावर अडून बसतं.

या गाडीत त्याच बैठकीत आणखी दोन गोष्टी सापडल्या, ज्यांचा आयडलशी संबंध नव्हता. एअर बॉक्सची मागची क्लिप खाचेत बसलेली नव्हती. मॅपच्या गाडीत त्याचा आवाज होत नाही, कोड पडत नाही, फक्त फिल्टरच्या बाजूने धूळ इंजिनात जात राहते. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांच्या मागून चालणाऱ्या गाडीला हे परवडणारं नाही. आणि ऑईल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपेक्षा बोटाच्या पेराएवढं वर होतं. साडेतीन लिटरचा कॅन आणला, तो पूर्ण ओतला. फिल्टरसह किती लागतं ते मॅन्युअलमध्ये असतं. त्यातला अर्धा लिटर हातचा राखून, इंजिन दोन मिनिटं चालवून, पाच-दहा मिनिटं थांबून, मग खूण पाहत भर घालायची. जास्तीचं ऑईल ड्रेन बोल्टपेक्षा डिपस्टिकच्या नळीतून बारीक पाइप आणि सिरिंजने ओढून काढणं सोपं. सुमारे चारशे मिली निघालं. नव्या होजची क्लिप ५०० किलोमीटरनंतर एकदा हाताने हलवून पाहायला सांगितली आहे, कारण नवं रबर तापून बसतं तसं थोडं सैल होतं.